‘थेरपिस्ट नियर मी’, मुक्काम पोस्ट आमचं गाव

मोबाईलवर ‘थेरपिस्ट नियर मी’ असं टाकून बघा एकदा, पण पुण्यात बसून नको, तालुक्याच्या गावात बसून. पहिल्यांदा येतात फिजिओथेरपीवाले, मान-कंबर-गुडघा. मग एक केस आणि त्वचेचं क्लिनिक, ते का येतं ते गूगललाच माहीत. मग ‘समुपदेशन केंद्र’ दिसतं म्हणून आनंदाने उघडावं तर ते दहावीनंतर काय याचं, आणि त्याच्या खाली लग्नाआधी पत्रिका जुळवून देणारे. मॅप झूम आउट होत होत जिल्ह्याच्या गावाला पोचला की एक ‘मेंदू व मनोविकार’ असा बोर्ड सापडतो, त्याला रिव्ह्यू दोन, त्यातला एक पार्किंगबद्दल. आणि मग एकदम पुणे. फोटोत खुर्ची, कुंडीतलं झाड, माहिती सगळी इंग्रजीत, सेशन ऑनलाइन, फी पंधराशेपासून पुढे कुठेही.

हे मी शोधत होते आण्णांसाठी. आण्णा म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर सुरुवातीला बरं चाललं होतं, शेतात पाइपलाइन केली, दादाच्या पोरीला शाळेत सोडायचे-आणायचे, मग कधीतरी सगळं उतरणीला लागलं. पहाटे तीनला जाग आणि मग आढ्याकडे बघत पडायचं. जेवण निम्मं. पेपर हातात धरायचे पण पान उलटायचं नाही. पारावर बसायला जाणं बंद, कुणी हाक मारली तर आतनं ‘झोपलेत म्हणून सांग’. आणि हे सगळं डॉक्टरकडे काय म्हणून गेलं? छातीत धडधड म्हणून गेलं, ईसीजी नॉर्मल. अशक्तपणा म्हणून गेलं, सलाईन लावली. पोट साफ होत नाही म्हणून गेलं, चूर्ण. आमच्याकडे मनाचं दुखणं स्वतःच्या नावाने केसपेपर काढतच नाही, ते ॲसिडिटीच्या नाहीतर गुडघ्याच्या नावावर येतं, आणि घरच्यांना वाटतं वय झालं.

गावातल्या डॉक्टरांनी थायरॉइड, बी-१२, शुगर असं सगळं बघितलं आणि ते बरोबरच केलं, कारण थायरॉइड कमी असलं तरी माणूस असाच मंद होतो. रिपोर्ट तसे ठीक आले. तेव्हा डॉक्टर मला बाहेर घेऊन आले आणि इकडं-तिकडं बघत हळू आवाजात म्हणाले, ‘ताई, एकदा मानसोपचारवाल्यांना दाखवा.’ असं की जसं काही आण्णांनी चोरी केलीय. आण्णांनी ऐकलंच ते. घरी आल्यावर म्हणाले, ‘मी काय येडा हाय व्हय? ठाण्याला न्या मग!’

आता हे ‘ठाण्याला न्या’ प्रकरण. प्रत्येक भागाचं आपापलं गाव असतं चिडवायला. पुण्याच्या बाजूला येरवडा, मुंबई-कोकणात ठाणे नाहीतर रत्नागिरी, आणि नागपुरात तर त्या हॉस्पिटलच्या नावाने चौकच आहे, रिक्षावाल्याला पागलखाना चौक म्हटलं की झालं. महाराष्ट्रात सरकारची जी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत ती हीच चार, नागपूर, रत्नागिरी, ठाणे, येरवडा, सगळी इंग्रजांच्या काळातली, ठाण्याचं १९०१ सालचं. तेव्हा ती माणसं कोंडायला बांधली होती हे खरंच, त्यामुळे ती भीती काही हवेतून आलेली नाही. पण आज तिथे ओपीडी चालते, म्हणजे सकाळी जायचं, केसपेपर, डॉक्टर, औषधं घेऊन दुपारी घरी. भरती न होता. हे कितीजणांना माहीतच नसतं. माझ्या ओळखीत अशी माणसं आहेत जी ठाण्यात त्या भिंतीच्या बाजूने रोज ऑफिसला जातात आणि घरातल्यासाठी पंधराशे रुपये सेशनची थेरपी परवडत नाही म्हणून गप्प बसलेत.

मग आधी कोण कोण असतं हे समजून घेणं आलं, कारण बोर्डावर सगळेच ‘मनाचे डॉक्टर’. मानसोपचारतज्ज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट, तो आधी एमबीबीएस आणि मग त्या विषयात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला असतो. गोळ्या लिहिणार तो. प्रिस्क्रिप्शनवर त्याचा मेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर असतो, असायलाच पाहिजे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे ज्याने मानसशास्त्रात एमए-एमएस्सी करून पुढे दोन वर्षांचं एमफिल वगैरे केलंय आणि ज्याची रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंद आहे. हा गोळ्या देत नाही, बोलून उपचार करतो, चाचण्या करतो. आरसीआयची नोंद विचारली तर खरा माणूस रागवत नाही, नंबर देतो. आणि तिसरे समुपदेशक म्हणजे काउन्सेलर, इथे मात्र सगळा आनंद आहे. काही फार तयारीचे, एमए करून वर्षानुवर्षं सुपरव्हिजनखाली काम केलेले, आणि काही वीकएंडचा ऑनलाइन कोर्स करून सर्टिफिकेट फ्रेम करणारे, दोघांच्या बोर्डावर शब्द एकच. त्यापुढे लाइफ कोच, हीलर, सबकॉन्शस माइंड अनलॉक करून देणारे वगैरे, त्यांच्याविषयी मी काही बोलत नाही, रील्समध्ये भेटतातच सगळ्यांना.

तर यातल्या एकाकडे आम्ही गेलो होतो, दादाच्या मित्राने सुचवलं म्हणून. नाव घेत नाही. चांगलं चकचकीत सेंटर होतं, रिसेप्शनला कारंजं. आत गेल्यावर त्या गृहस्थांनी आण्णांना डोळे मिटायला लावले आणि कल्पना करायला लावली की तुम्ही समुद्रकिनाऱ्यावर आहात. आण्णांनी उभ्या जन्मात समुद्र बघितला तो गणपतीपुळ्याला जादा गाडी घेऊन गेले होते तेव्हा, आणि त्या दिवशी म्हणे गाडीत माणसं इतकी की तिकिटं फाडून फाडून हात दुखले. बाहेर येऊन तेच सांगत बसले. शेवटी बारा सेशनचं पॅकेज, आत्ता भरलं तर डिस्काउंट, आणि ‘शंभर टक्के रिझल्ट’. मनाच्या दुखण्यात शंभर टक्क्याची गॅरंटी देणाराला मी तरी आता दारातूनच नमस्कार करते.

पुण्यातल्या चांगल्या थेरपिस्ट पण मिळाल्या फोनवर, खरंच चांगल्या, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. एक मॅडम म्हणाल्या माझं मराठी ठीकठाक आहे पण सेशन मी इंग्रजी-हिंदीत घेते. एकीची फी सांगितली तेव्हा मी मनातल्या मनात आण्णांच्या महिन्याच्या पेन्शनशी भागाकार केला. एसटीच्या माणसाला पेन्शन किती मिळतं हे ज्यांना माहितीय ते हसतील. दोन सेशनमध्ये खल्लास. फोनवर विचारायचे प्रश्न मात्र यातून पाठ झाले, फी किती, सेशन किती वेळाचं (साधारण पाऊण तास ते तास असतं), मराठीत बोलणार का, अशा वयाच्या माणसांबरोबर काम केलंय का, आणि फी कमी करता येते का. हा शेवटचा प्रश्न विचारायला आपल्याला लाज वाटते पण बऱ्याच थेरपिस्ट काही जागा कमी फीच्या ठेवतात, त्याला ते लोक स्लायडिंग स्केल म्हणतात, विचारल्याशिवाय कुणी आपणहून सांगत नाही.

या सगळ्यात मला एक गोष्ट फार खटकली ती म्हणजे हे सगळे फोन करायचे कुणी? मी धडधाकट, नोकरी करणारी, रोज दहा लोकांशी फोनवर भांडणारी बाई, मला त्या फोनांनी दम लागला. ज्याला सकाळी अंथरुणातून उठून तोंड धुवायचं जिवावर येतंय तो माणूस लिस्ट काढून नंबर फिरवणार, वेटिंग आहे ऐकणार, मग पुढचा नंबर फिरवणार? होतच नाही ते. ‘मदत मागा, बोला, मोकळे व्हा’ अशी पोस्टर्स असतात, त्यात सगळं काम आजारी माणसाच्याच गळ्यात. शोधाशोध ही घरच्यांची, मित्रांची, शेजाऱ्याची हमाली आहे असं माझं स्पष्ट मत झालंय.

मग एक रात्र आली. आण्णा आईला म्हणाले, ‘पासबुक कपाटात वरच्या कप्प्यात हाय, मी नसलो की दादाला घेऊन बँकेत जा.’ आईने मला फोन केला, कुजबुजत, मागच्या अंगणातून. मी १४४१६ लावला. हा टेली-मानसचा नंबर, केंद्र सरकारची सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली, फुकट, चोवीस तास, वीस भाषांत. सुरुवातीला भाषा निवडा म्हणतात, मराठी निवडली. माझ्या मनात सरकारी फोन म्हणजे कुणी उचलणारच नाही असं होतं, पण एका मुलीने उचलला, शांत आवाज, घाई नाही. तिने आण्णांचं वय विचारलं, झोप, जेवण, आणि मग सरळ विचारलं की घरात शेतीचं औषध आहे का. गावाकडे ‘औषध’ म्हणजे काय हे तिला माहीत होतं, हेच मला फार मोठं वाटलं. गोठ्यात होतंच ना, फवारणीचं, निम्मा डबा. ती म्हणाली ते आजच्या आज घराबाहेर काढा, त्यांना एकटं झोपू देऊ नका, आणि उद्या सकाळी सरळ विचारा की जीव द्यायचे विचार येतात का. मी म्हटलं असं विचारलं तर उलट डोक्यात येईल. ती म्हणाली विचारल्याने येत नाही, ज्याच्या डोक्यात आहे त्याला बोलायला जागा मिळते. आणि अगदी तातडीचं वाटलं, काही घेतलंय असं वाटलं, तर फोनवर बोलत बसू नका, १०८ ला गाडी बोलवा नाहीतर जवळचं कॅज्युअल्टी गाठा.

दादाने रात्रीच डबा उचलून चुलत्यांच्या रानातल्या खोलीत कुलपात टाकला. सकाळी आईनेच विचारलं, चहा देताना, मला वाटलेलं ती कधीच विचारू शकणार नाही. आण्णा बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, ‘येतं कधीकधी. पण करणार नाय.’ आणि रडले. आईने म्हणे लग्नानंतर पहिल्यांदा त्यांना रडताना बघितलं.

जाता जाता सांगते कारण गावात अजून लोक घाबरतात, पोलिस केस होईल म्हणून दवाखान्यात नेतच नाहीत. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, त्याच्या ११५ व्या कलमात असं आहे की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं, आणि त्याला शिक्षा करायची नाही. उलट त्याची काळजी घ्यायची, उपचार द्यायचे, ही सरकारची जबाबदारी.

फोनवरच्या त्याच मुलीने सांगितलं की तुमच्या जिल्ह्याच्या सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे, तिथे जा. सिव्हिल! म्हणजे इतके दिवस मी पुण्याच्या कुंडीतल्या झाडांचे फोटो बघत होते आणि हे आमच्या एसटी स्टँडपासून थेट गाडी असलेल्या ठिकाणी. देशात राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ पासून आहे आणि १९९६ पासून त्यातला जिल्हा कार्यक्रम सुरू झाला, कर्नाटकात बेळ्ळारीला आधी करून बघितला होता तो नमुना धरून. त्यात जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञ, सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर, नर्स अशी टीम असावी आणि तिने तालुक्यांनाही जाऊन ओपीडी घ्यावी असं ठरलेलं आहे. प्रत्यक्षात काही ठिकाणी पदं रिकामी असतात, काही ठिकाणी डॉक्टर ठरलेल्या वारीच, त्यामुळे आधी फोन करून नाहीतर आशाताईला विचारून जायचं. आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून (पीएचसी) सिव्हिलपर्यंत, तपासणी-उपचार फुकट केलेत. मेडिकल कॉलेजांची हॉस्पिटलं त्यात येत नाहीत, पण तिथेही खर्च खाजगीच्या मानाने किरकोळच, ससून, केईएम, सायन, नायर सगळीकडे सायकियाट्रीची ओपीडी आहे.

सिव्हिलमध्ये काय, गर्दी. बाकं लोखंडी. भिंतीवर तंबाखूचा कॅन्सर. आमच्या पुढे एक बाई होती, मांडीवर पोरगं, शेजारी नवरा सारखा घड्याळ बघणारा, आणि एक कॉलेजचा मुलगा एकटाच, हूडी डोक्यावर ओढून, तो एकटा आलाय याचं मला फार कौतुक वाटलं. आण्णा भिंतीकडे तोंड करून बसलेले, कुणी ओळखीचं दिसायला नको म्हणून. आणि दिसलंच! त्यांच्याच डेपोतले एक ड्रायव्हर, बायकोला घेऊन आलेले. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, क्षणभर काही सुचेना, मग ड्रायव्हर म्हणाले, ‘मास्तर, तुमीबी?’ आणि मग दोघं बाहेर चहा प्यायला गेले ते नंबर पुकारेपर्यंत आलेच नाहीत. माझ्या मते उपचार तिथेच सुरू झाले.

डॉक्टरांनी फार वेळ दिला असं नाही, मागे चाळीस माणसं होती. पण ‘काका’ म्हणाले, डोळ्यांत बघून बोलले, आणि गोळी देताना जे सांगितलं ते मला प्रत्येक घरात सांगावंसं वाटतं. या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच होतो, मळमळ, पोट बिघडणं, अस्वस्थ वाटणं. त्यामुळे लोक गुण यायच्या आधीच गोळी बंद करतात आणि म्हणतात फरक पडला नाही. आणि बरं वाटलं म्हणूनही मनाने बंद करायची नाही, विचारून हळूहळू. एवढं सांगायला दोन मिनिटं लागली असतील, पण ती सांगितली नसती तर आण्णांनी चौथ्या दिवशी गोळ्या गटारात टाकल्या असत्या हे नक्की.

बोलायचं काम मात्र शेजारच्या खोलीत. तिथे सोशल वर्कर बाई होत्या. त्यांनी आण्णांना समुद्रकिनारा वगैरे काही दाखवला नाही. विचारलं, दिवस कसा जातो? आण्णा म्हणाले जातच नाही. मग म्हणाल्या एक वही करा, सकाळपासून रात्रीपर्यंत काय केलं ते लिहा, आणि त्यातल्या त्यात कशात थोडं बरं वाटलं त्याला खूण करा, आणि रोज एक छोटं काम आधी ठरवून करा, मनात नसलं तरी. पुढच्या खेपेला आण्णांनी वही काढली आणि त्या बाई बघतच राहिल्या. आण्णांनी वेबिल केलं होतं! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कंडक्टर प्रत्येक फेरीला जो तक्ता भरतो, कुठल्या टप्प्याला किती तिकिटं गेली, तो. तसे उभे-आडवे रकाने पट्टीने आखलेले, डाव्या बाजूला वेळ, मग टप्पा. ‘६.०० चहा. ६.३० गोठा. ७.१० ओढ्यापर्यंत चालत, विनाथांबा.’ मध्येच दुपारच्या रकान्यात ‘गाडी बंद पडली, २ तास’. म्हणजे पडून राहिले होते. खाली सही. बाई म्हणाल्या, काका, असं माझ्याकडे आजवर कुणी आणलं नाही. आण्णा हसले नाहीत पण वही परत घेताना कोपरे सरळ केले.

नंतर मी वाचलं तेव्हा कळलं की हे वहीचं, ठरवून काम करण्याचं, याला ‘बिहेवियरल ॲक्टिव्हेशन’ असं नाव आहे आणि त्याचा नीट अभ्यास झालाय, तोही आपल्या शेजारी गोव्यात. संगाथ म्हणून संस्था आहे तिथली, १९९६ पासूनची, त्यांनी सरकारी आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, मानसशास्त्र न शिकलेल्या साध्या स्थानिक माणसांना शिकवून डिप्रेशनच्या पेशंटना थोडीशीच सेशन द्यायला लावली, साधारण सहा ते आठ, आणि नेहमीच्या उपचारांपेक्षा लोकांना जास्त बरं वाटलं. २०१७ साली लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलं ते. कोकणी-मराठी बोलणारी, त्याच भागातली माणसं. विदर्भात अमरावती जिल्ह्यात तीस गावांत असंच ‘विश्राम’ म्हणून काम झालं होतं. नाशिक जिल्ह्यात ‘आत्मीयता’ नावाने, गावातल्याच बायका-पुरुषांना शिकवून. साताऱ्याची ‘परिवर्तन’ आणि अंनिसची मंडळी मिळून ‘मानसमित्र’ तयार करतात, अंगात येणं, बाहेरचं लागलंय म्हणून देवऋष्याकडे नेणं यातून माणसाला हळूच डॉक्टरकडे वळवणारे. मला या सगळ्यात आमच्या आशाताई दिसतात. लॅन्सेटमध्ये जायची गरज नाही, पण दहा दिवसांचं बरं ट्रेनिंग आणि वेळेवर मानधन मिळालं तर त्या काय नाही करणार.

२०१५-१६ ला निम्हान्सने, म्हणजे बंगळूरच्या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने, देशाचं मानसिक आरोग्याचं सर्वेक्षण केलं होतं, बारा राज्यांत, त्यात महाराष्ट्र नव्हता, गुजरात होता, मध्य प्रदेश, छत्तीसगड होतं. त्यात निघालं की शंभरातल्या दहा-अकरा मोठ्या माणसांना त्या वेळी काही ना काही मानसिक आजार होता, आणि आजाराप्रमाणे सत्तर ते ब्याण्णव टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नव्हते. हा आकडा भाषणांत फार येतो. सिव्हिलच्या बाकावर बसून मला वाटलं की यातले किती लोक उपचार नाहीत म्हणून राहिलेत आणि किती उपचार बसस्टँडच्या पलीकडे आहेत हे माहीत नाही म्हणून.

बाकी ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी, माझ्या डायरीत जमा झालेलं. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसची आयकॉल म्हणून फोन सेवा आहे, फुकट, २०१२ पासून, चोवीस तास नाही पण शिकलेले काउन्सेलर असतात आणि ई-मेलवरही उत्तर देतात, ज्यांना तोंडाने बोलता येत नाही त्यांना ते बरं. ठाण्याची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था, डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली सुरू केलेली, त्यांची ‘मैत्र’ हेल्पलाइन आहे आणि यूट्यूबवर ‘आवाहन’ नावाने इतकं मराठीत बोलून ठेवलंय की मी आईला तेच लावून दिलं, ती भांडी घासताना ऐकते. मराठीत, हे महत्त्वाचं. थेरपीतलं इंग्रजी कळतं आपल्याला, पण ‘जीवावर आलंय’, ‘मन उठलंय’, ‘पोटात कालवतंय’ हे ज्याला सांगायचंय त्याने आधी भाषांतर करायचं आणि मग रडायचं, हे कसं जमणार?

घरात दारू असेल तर गोष्ट वेगळी, कारण तिथे घर आधी लपवतं. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून आहे, पुलं आणि सुनीताबाईंनी दिलेल्या देणगीतून आणि डॉ. अनिता अवचटांच्या जिद्दीवर उभं राहिलेलं. पण तिथे दाखल व्हायला माणूस तयार नसेल तोवर करायचं काय? एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगा असतात, कुठे शाळेच्या खोलीत, कुठे चर्चच्या मागे, मराठीतूनही, फी नाही, नाव-पत्ता नाही. आणि बायको-आई-मुलांसाठी अलॲनॉन वेगळं. माझी मावशी जाते. तिचा नवरा अजून पितो. ती म्हणते तो सुधारेल तेव्हा सुधारेल, मी दर आठवड्याला दीड तास माणसांत बसते. स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या घरच्यांसाठी पुण्यात धायरीला सा म्हणजे स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, कॅनडात कॅलगरीला असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणींनी १९९७ ला सुरू केली, तिथेही घरच्यांचे स्वमदत गट चालतात.

आयटीत वगैरे नोकरी करणाऱ्यांनी एचआरच्या पोर्टलवर ईएपी शोधा, एम्प्लॉयी असिस्टन्स, बऱ्याच कंपन्या काही सेशनचे पैसे भरून बसलेल्या असतात आणि कुणी वापरत नाही, बॉसला कळेल या भीतीने. काही ठिकाणी घरच्यांनाही चालतं. मेडिक्लेमचं म्हणाल तर कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यायला सांगितलंय, पण आपल्या पॉलिस्या बहुतेक भरती झाल्यावरच पैसे देतात आणि थेरपीला कोण भरती होतंय, त्यामुळे सेशनची पावती बहुधा आपल्याच खिशात.

आण्णांचं विचाराल तर, पारावर जातात. गोळी चालू आहे. काही दिवस अजून ‘गाडी बंद’ असते. त्या ड्रायव्हरकाकांबरोबर ठरवून एकाच तारखेला सिव्हिलला जातात, सिनियरचा पास आहेच, येताना भजी. मी पुण्याहून फोन करून विचारते डॉक्टर काय म्हणाले, तर भज्यांचं सांगतात.

आणि गावात आता कुणाचं काही असलं की फोन माझ्या आईला येतो, मला नाही. जिने चहा देता देता तो प्रश्न विचारला तिला. परवा मी घरी होते तेव्हा खालच्या आळीतली सुमनकाकू आलेली, सून बाळंतपणानंतर नुसती रडते, पोराला घेत नाही म्हणून. आईने तिला आधी बसवलं, मग म्हणाली, ‘तिला बोलू नगंस. पोर तू सांभाळ, तिला एकटी सोडू नगंस, आन उद्याच घेऊन जा. आठच्या गाडीनं, नायतर नंबर लांब लागतो. आधार कार्ड घे. बाळंतपणाची फाइल घे, चालू असतील त्या गोळ्या पिशवीत घालून घे, डॉक्टर इचारतात. आन पाण्याची बाटली घे, तिथला कूलर बंद हाय.’